बाळंतिणीच्या मनाची विचारपूस

दवाखान्यात बाळंतपण झालं की तिसऱ्या दिवशी आशाताई घरी येतात. मग सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि शेवटी बेचाळिसाव्या दिवशी. बाळाला काट्यावर घालतात, ताप बघतात, अंगावर नीट ओढतंय का ते पाहतात. आईला विचारतात, जेवण किती वेळा होतं, अंगावरून जास्त जातंय का, ताप आहे का. त्यांच्या अर्जात आईबद्दल आणखी एक प्रश्न असतो: ती असंबद्ध बोलते का, तिला झटके येतात का? प्रश्न महत्त्वाचा आहे, त्याने काही बायकांचे जीव वाचतात. पण जी बाळंतीण असंबद्ध बोलत नाही, खरं तर काहीच बोलत नाही, भिंतीकडे तोंड करून पडून असते आणि बाळ रडलं की यंत्रासारखं त्याला पदराखाली घेते, तिच्यापुढे ‘नाही’ अशी खूण होते आणि भेट संपते.

बाळंतपणानंतर मनाला तीन वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकतात आणि आपण त्या एकाच पोत्यात भरतो. पहिली अगदी नेहमीची. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उगीच रडू येतं, चिडचिड होते. निम्म्याहून अधिक बायकांना हे होतं आणि दहा-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. तिसरी अगदी दुर्मीळ, हजारात एखाद-दुसरीला होणारी. त्यात बाई भ्रमात जाते, भलतंच ऐकू येतं, झोप पूर्ण उडते. अर्जातला प्रश्न हिच्यासाठी आहे. या दोन्हींच्या मध्ये आहे ते प्रसूतीनंतरचं नैराश्य. ते पंधरा दिवसांत जात नाही, आरडाओरडाही करत नाही, म्हणून ते कुणाला दिसत नाही.

गावाकडची बाई ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. डोकं जड झालंय, हातापायांत जीव नाही, छातीत धडधडतं, कशात मन लागत नाही, टेन्शन आहे, असं ती सांगते. त्यावर सलाईन किंवा ताकदीच्या गोळ्या मिळतात. सासूला ती आळशी वाटते, नवऱ्याला कटकटी. शेजारच्या म्हातारीला शंका येते की तिन्हीसांजेला बाहेर गेली असेल, काहीतरी लागलं असेल.

हे किती जणींना होतं? मराठी मुलखाच्या शेजारीच, गोव्यात, याचा चांगला अभ्यास झाला. विक्रम पटेल, मर्लिन रॉड्रिग्ज आणि नंदिता डिसूझा यांनी म्हापशाच्या सरकारी रुग्णालयात आलेल्या २७० गरोदर बायकांची माहिती घेतली आणि बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांना पुन्हा भेटले. २००२मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. २३ टक्के, म्हणजे जवळपास चौघींत एक, नैराश्यात होती. पुढे २०१७मध्ये भारतातल्या ३८ अभ्यासांचे आकडे एकत्र केले गेले, तेव्हाही सरासरी २२ टक्के आली. म्हणजे गोव्याचा आकडा काही अपवाद नव्हता.

गोव्याच्या अभ्यासातल्या दोन गोष्टी मला आकड्यापेक्षा मोठ्या वाटतात. एक, नैराश्यात सापडलेल्या बायकांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक जणी गरोदरपणातच मनाने खचलेल्या होत्या. आणि निम्म्याहून जास्त जणी बाळ सहा महिन्यांचं झालं तरी सावरल्या नव्हत्या. दुसरं, धोका वाढवणाऱ्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याशी बिघडलेलं नातं आणि जन्मलेल्या बाळाचं लिंग. बाळ मुलगा आहे की मुलगी, यावर घरातली उपासमार आणि मारहाण बाईच्या मनावर किती खोल परिणाम करणार हेही बदलत होतं.

शरीराची कारणं आहेतच. वार पडली की काही दिवसांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं झपाट्याने खाली येतात. काहींची थायरॉइड ग्रंथी याच काळात बिघडते. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असतं, त्याचा थकवा वेगळा. पण संप्रेरकं सगळ्याच बाळंतिणींची उतरतात. त्यातली कोणती खचते हे बरंचसं घर ठरवतं.

अहिल्यानगर जिल्ह्यात हे ‘घर’ म्हणजे कधी कधी उसाच्या फडाशेजारची कोपी असते. महाराष्ट्रातला पहिला सहकारी साखर कारखाना याच जिल्ह्यात प्रवरानगरला उभा राहिला. आणि याच जिल्ह्याच्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरडवाहू तालुक्यांतून दसऱ्यानंतर माणसं ऊसतोडीला बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली. बाई बाळंत झाली की कोयता अर्धा होतो, खाडा पडला की पैसे कापले जातात, म्हणून ती लवकरात लवकर फडात उतरते. गावच्या आशाताईंच्या वहीत तिचं नाव असतं, पण ती गावात नसते. फडाजवळच्या गावात ती असते, पण तिथल्या वहीत बहुतेकदा नाव नसतं. पहिलटकरणीचंही थोडंफार असंच होतं. बाळंतपण माहेरी, पुढचं आयुष्य सासरी आणि दोन्हीकडच्या वह्या वेगवेगळ्या.

आईच्या मनाचा हिशेब बाळाच्या काट्यावरही उमटतो. गोव्याच्याच गटाने बाळांना सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं, तेव्हा नैराश्यातल्या मातांच्या बाळांमध्ये वजन आणि उंची कमी असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. अंगणवाडीत एखादं मूल वजनात मागे पडलं की आपण आईला विचारतो, काय खाऊ घालता? तू स्वतः कशी आहेस, हे विचारत नाही.

आता बेचाळिसाव्या दिवसाकडे परत येऊ. सहा आठवडे तिथे पूर्ण होतात. परंपरेचा सव्वा महिनाही त्याच सुमारास संपलेला असतो. बाळंतीण उठते, विहिरीवर, चुलीवर, शेतात जाते. गोव्यातल्या संशोधकांनी नैराश्य मोजायला सुरुवात केली तीही साधारण याच वेळी. म्हणजे जिथे खरा प्रश्न विचारायचा, तिथे आपली नियमित भेट संपते. पुढची ठरलेली भेट बाळ तीन महिन्यांचं झाल्यावर, आणि तीही बाळाच्या वाढीसाठी. विचारपूस गरोदरपणाच्या तपासणीतच सुरू व्हायला हवी आणि बाळ निदान सहा महिन्यांचं होईपर्यंत चालायला हवी.

विचारायला मानसोपचारतज्ज्ञ लागत नाही. १९८७मध्ये एडिंबरात तयार झालेली दहा प्रश्नांची यादी आज जगभर वापरली जाते. त्याहून सोपे दोन प्रश्नही सुरुवातीला पुरतात: गेल्या महिनाभरात मन सारखं उदास असतं का? ज्यात पूर्वी आनंद वाटायचा त्यात आता मन लागत नाही, असं होतं का? एकालाही ‘हो’ आलं तर पुढे बोलायचं. हे सासूसमोर विचारून उपयोग नाही, एवढं मात्र पाळावं लागतं.

आणि उपचार? रावळपिंडीजवळच्या खेड्यांत अतिफ रहमान आणि सहकाऱ्यांनी गरोदरपणात नैराश्य असलेल्या ९०३ बायकांवर काम केलं. अर्ध्या गावांत तिथल्या आरोग्यसेविकांनी, ज्या आपल्या आशाताईंसारख्याच, घरी जाऊन सोळा भेटींत त्यांच्याशी ठरलेल्या पद्धतीने संवाद केला. हुशारी अशी की विषय आईच्या आजाराचा न ठेवता बाळाच्या तब्येतीचा ठेवला. त्यामुळे सासू आणि नवराही ऐकायला बसले. सहा महिन्यांनी या बायकांपैकी २३ टक्के नैराश्यात उरल्या होत्या, दुसऱ्या गटात ५३ टक्के. २००८मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. पुढे गोव्यात हेच काम शेजारपाजारच्या साध्या बायकांकडून करून पाहिलं. फरक रावळपिंडीइतका मोठा नव्हता, पण अधिक जणी बऱ्या झाल्या.

शेजारणीच्या हाती आरोग्य द्यायचं, ही कल्पना अहिल्यानगरला शिकवायला नको. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं आणि गावोगावच्या, कित्येकदा लिहिता-वाचताही न येणाऱ्या, अनेक दलित बायकांना गावाच्या आरोग्यसेविका केलं. १९७९मध्ये त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मिशेल केरमोड आणि सहकाऱ्यांनी जामखेड भागातल्या बायकांशी मनाच्या आरोग्याबद्दल बोलून २००७मध्ये लेख लिहिला. त्यातही बायकांनी पैशाची चणचण, घरातली मारहाण आणि भांडणं हीच कारणं सांगितली होती.

मात्र आशाताईंच्या वहीत आणखी एक रकाना वाढवून भागणार नाही. नवजात बाळाच्या या सगळ्या भेटींचे त्यांना मिळतात अडीचशे रुपये. काम वाढवायचं तर मोबदला आणि प्रशिक्षण आधी. शिवाय ‘हो’ म्हणालेल्या बाईला पाठवायचं कुठे, हेही ठरलेलं हवं. जामखेडहून जिल्ह्याचं ठिकाण पाऊणशे किलोमीटरच्या आसपास आहे. तान्हं बाळ घेऊन, एक दिवसाची मजुरी बुडवून तिने मनासाठी तिथवर जावं, ही अपेक्षा शहरात बसून करणं सोपं आहे.

नैराश्य तीव्र असेल तर औषधं लागतात. सर्ट्रालिनसारखी काही औषधं अंगावर पाजत असतानाही डॉक्टरांच्या सल्ल्याने घेता येतात. औषध सुरू झालं म्हणून दूध तोडायची गरज बहुतेक वेळा नसते आणि गोळ्या मनाने बंदही करू नयेत.

घरात बाळंतीण असेल तर दोन आठवड्यांनंतरही ती रडते का, बाळ झोपलेलं असताना तिला झोप लागते का, जेवण सुटलंय का, ‘माझ्याविना बाळाचं बरं होईल’ असं काही बोलते का, एवढं पाहा. रात्रीचं एक पाजणं सोडलं तर बाकीचं बाळ सांभाळणं नवऱ्यालाही जमतं. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत चालते, मराठीतही बोलता येतं. जीव द्यायचे विचार, बाळाला इजा करण्याची भाषा, भ्रम किंवा सलग काही रात्री अजिबात झोप नसणं, यातलं काहीही दिसलं तर तिला आणि बाळाला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठा. १०८ची रुग्णवाहिका यासाठीही बोलावता येते.