वायरलाही हवा हटके लुक!

टेबल चकाचक, मॉनिटर स्लीम, माऊसपॅडही एकदम कूल. आणि मागे? काळ्या-करड्या वायरींचं जंजाळ! सगळ्या सेटअपचा लुक तिथेच बोंबलतो ना?

गेल्या मे महिन्यात वर्क फ्रॉम होमसाठी परभणीला घरी होते. पारा चाळिशीपार. स्वस्तातली माझी यूएसबी केबल हाताला चिकटायला लागली होती. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं तेलकट रसायन उष्णतेनं बाहेर येतं, त्याची ही करामत. वैतागून रंगीत स्लीव्ह ऑनलाइन शोधत बसले, तर आई म्हणाली, "अगं, कपाशीच्या जिल्ह्यात बसून दोरा बाहेरून मागवतेस?" आणि तिनं भरतकामाच्या लडींचा डबाच पुढे केला.

आयडिया काही नवी नाही. जुन्या इस्त्रीची वायर आठवा, तिच्यावर सुती विणच असायची. गरम तव्याला टेकली तरी प्लॅस्टिकसारखी वितळत नाही!

असं करा

केबल काढून साबणाच्या ओलसर फडक्यानं पुसा आणि पूर्ण वाळू द्या. दोऱ्याचं एक टोक वायरला लावून धरा. उरलेल्या दोऱ्याचा वायरभोवती फास घ्या, टोक त्यातून ओढा आणि गाठ वर सरकवा. प्रत्येक गाठ एकाच बाजूनं मारत गेलात की आपोआप जिन्यासारखी नागमोडी नक्षी उमटते. मीटरभर वायरीला दोन-तीन लडी आरामात लागतात. शेवटचं टोक सुईनं गाठींखाली दडवा. वायर आवळू मात्र नका, वाकायला जागा हवी.

डेस्कटॉपवाल्यांनो, सीपीयूच्या आत सुती दोरा नको. तिथे जाळीदार पॉलिस्टर स्लीव्ह आणि टोकांना हीट श्रिंक ट्यूब वापरा. एसएमपीएसच्या पिवळ्या (१२ व्होल्ट), लाल (५ व्होल्ट) वायरी डोळ्यांत खुपतात? स्लीव्ह चढवलेली रेडिमेड एक्स्टेन्शन मिळते, ती जोडा. एसएमपीएस उघडायचा मोह टाळा. प्लग काढल्यावरही त्यातल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरतो. भिंतीच्या २३० व्होल्टच्या वायरी आणि तापणारे अॅडॉप्टर यांना तर काहीच गुंडाळू नका.

खरा फंडा

माझी अर्धी केबल विणून झाली आणि प्लगजवळ चीर दिसली. आतली तार चक्क डोकावत होती. दोन तास घालवले होते. चार गाठींत ती झाकलीही गेली असती. आई एवढंच म्हणाली, "वरून दिसंना झालं म्हणजे बरं झालं का?" दोरा उसवला, केबल ई-कचऱ्यात टाकली आणि तोच दोरा नव्या केबलवर चढवला.

तेव्हा आधी तपासा. वायर तापतेय? प्लग ढिला आहे? कुठे भेगा आहेत? मग तिला रिटायर करा. धडधाकट असेल तरच नटवा. आणि कुणी विचारलंच, "कुठल्या ब्रँडची?" तर बिनधास्त सांगा, "आईच्या डब्यातली!"