स्वतः घडविलेलें कर्नेल सुरू होत नाहीं तेव्हां



संगणकाची कळ दाबली कीं अर्ध्या मिनिटांत ओळखीचा पडदा समोर येतो आणि आपण कामाला लागतों. मधल्या वेळांत यंत्राच्या पोटांत काय घडलें याची विचारपूस कोणी करीत नाहीं. पण ज्यानें आपल्या यंत्राचें कर्नेल आपल्या हातानें घडविलें, त्याच्यावर ती विचारपूस करण्याची पाळी बहुधा पहिल्याच दिवशीं येते. कांहीं इंग्रजी ओळी भराभर धांवत जातात आणि सारें जागच्या जागीं थबकतें. अशा थबकलेल्या यंत्रापाशीं बसलेल्या मनुष्यानें काय करावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

कर्नेल म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा. मेमरी, डिस्क, कीबोर्ड, पडदा या सर्वांचा कारभार त्याच्याकडे असतो. लिनक्सचें कर्नेल फिनलंडमधील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं जगापुढें ठेविलें. त्याचा मूळ मजकूर कोणासहि वाचावयास व बदलावयास मोकळा आहे. आज तो चार कोटी ओळींच्या घरांत गेला आहे, आणि त्यांतील फार मोठा भाग निरनिराळ्या उपकरणांच्या ड्रायव्हरांनीं व्यापिला आहे. एका यंत्राला त्यांतलें थोडकेंच लागतें. म्हणून हौशी मनुष्य नको तें गाळावयास बसतो, आणि गाळतां गाळतां हवें तेंहि गाळून टाकतो.

वाकोल्याचेंच उदाहरण घ्या. शेजारीं कालिन्याला मुंबई विद्यापीठाचें विद्यानगरी संकुल असल्यानें विद्यार्थ्यांना ही वस्ती सोयीची. समजा, त्यांपैकीं एकानें लॅमिंग्टन रोडवरून एक जुना संगणक आणला. घरांत यंत्र तेवढें एकच, आणि वर्षभर लिहिलेला प्रबंध त्याच्याच डिस्कवर. जुन्या यंत्रावर कर्नेल घडविण्यास तासच्या तास जातात, म्हणून त्यानें तें मित्राच्या जलद यंत्रावर घडविलें आणि पेनड्राइव्हवरून घरीं आणलें. घडवितांना ‘लोकलमॉडकॉन्फिग’ नांवाची सोय वापरली. ही सोय मोठी गोड आहे! ज्या यंत्रावर ती चालवावी, त्यावर त्या क्षणीं वापरांत असलेले ड्रायव्हर ती ठेवते आणि वापरांत नसलेले गाळते. मित्राची डिस्क एनव्हीएमई जातीची, घरची जुन्या साटा जातीची. साटाचा ड्रायव्हर अर्थातच गळाला, आणि घरीं पडद्यावर अक्षरें उमटलीं: ‘कर्नेल पॅनिक’, आणि पुढें ‘अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक (०,०)’.

येथें पुष्कळजण घाबरतात आणि सारी प्रणाली मुळापासून नव्यानें बसवावयास घेतात. प्रबंध जातो तो त्या घाईंत. वास्तविक तोंपर्यंत डिस्कवरील एका अक्षरासहि धक्का लागलेला नसतो. कर्नेलला ती डिस्क उघडतांच आलेली नाहीं, एवढाच त्या वाक्याचा अर्थ. यंत्र पुन्हा सुरू करावें, ग्रबच्या यादींत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’ खालीं जुनें कर्नेल असतें तें निवडावें, आणि नेहमींच्या पडद्यावर स्वस्थपणें बसून विचार करावा. अट एकच, कीं जुनें कर्नेल पुसलेलें नसावें. नव्याला निराळें नांव देण्याची सोय आहे. ती न वापरतां जुन्यावरच नवें लिहिणें हा मला तरी अविचार वाटतो.

आतां विचार कोणत्या क्रमानें करावा? संगणकाची सुरुवात पालखीसारखी खांद्यावरून खांद्यावर जाते. पहिला खांदा यंत्राच्या फर्मवेअरचा. तेथून पालखी ग्रबकडे येते. ग्रब मेमरींत दोन वस्तु आणून ठेवतो: एक कर्नेल, दुसरी इनिट्रॅमएफएस नांवाची लहानशी शिदोरी. कर्नेल त्या शिदोरींतले ड्रायव्हर घेऊन खरी डिस्क उघडतें आणि शेवटीं सिस्टमडीच्या हातीं कारभार सोंपवितें. पालखी कोणाच्या खांद्यावर असतां थांबली, तेवढें प्रथम ठरवावें.

ग्रबमध्यें नांव निवडतांच ‘बॅड शिम सिग्नेचर’ अशी तक्रार आली, तर कर्नेल चाललेंच नाहीं. सिक्युअर बूटनें सही नसलेला पाहुणा दारांतच अडविला. तेथें कर्नेलच्या आंतील निवडी बदलण्यांत वेळ दवडूं नये. सही करावी, नाहीं तर सिक्युअर बूट बंद करावें. ‘आउट ऑफ मेमरी’ असें आलें तर बहुधा शिदोरी फार जड झाली आहे. दोष शोधण्यासाठीं घातलेली जादा माहिती मॉड्यूलांना चिकटून राहिली, कीं ती शेंकडों मेगाबाइटांची होते. मॉड्यूल बसवितांना ‘इन्स्टॉल-मॉड-स्ट्रिप’ ही निवड दिल्यास ती माहिती गळून पडते.

आमच्या विद्यार्थ्याची पालखी मात्र कर्नेलपर्यंत पोंचली होती. त्या पॅनिकच्या वर चार ओळी पाहाव्या. तेथें कर्नेलनें आपल्याला दिसलेल्या पार्टिशनांची यादी छापलेली असते. यादी रिकामी असेल तर डिस्कचा ड्रायव्हरच नाहीं. यादींत आपली डिस्क असून कंसांत (०,०) असेल, तर ‘रूट=’ पुढील पत्ता चुकला, किंवा तो यूयूआयडीच्या रूपांत असून शिदोरी तयार करावयाची राहिली; कारण फाइल-सिस्टमची यूयूआयडी कर्नेलला स्वतः वाचतां येत नाहीं, तें काम शिदोरींतील कार्यक्रम करतात. आणि कंसांत (८,१) असे आंकडे असतील, तर डिस्क सांपडली, पण तिच्यावरील फाइल-सिस्टम, उदाहरणार्थ एक्स्ट-फोर, कर्नेलला कळत नाहीं.

घडवितांना प्रत्येक ड्रायव्हरापुढें तीन उत्तरें असतात: आंतच घालावा, मॉड्यूल म्हणून निराळा ठेवावा, किंवा मुळींच नको. निराळें ठेविलेलें मॉड्यूल डिस्कवर राहतें. डिस्क उघडण्याचा ड्रायव्हरच डिस्कवर ठेवणें म्हणजे कपाटाची किल्ली कपाटांत ठेवून दार लावून घेण्यासारखें आहे. ती किल्ली बाहेर ठेवण्यासाठींच शिदोरी असते. ती नको असेल, तर डिस्क आणि फाइल-सिस्टम यांचे ड्रायव्हर आंतच घालावे. आमच्या विद्यार्थ्याला सोपा उपाय असा: घरच्या यंत्रावर जुन्या कर्नेलमध्यें, नेहमींचीं सारीं उपकरणें जोडून, ‘एलएसमॉड’ चालवावें, त्याची यादी फाइलींत उतरून मित्राकडे न्यावी आणि लोकलमॉडकॉन्फिगला ती यादी द्यावी. मग गाळणी घरच्या मापानें होते.

पडदा निवळ काळा राहिला तर यंत्र मेलें असें लगेच समजूं नये. कॅप्स लॉकची कळ दाबून पाहावी. दिवा लागत-विझत असेल तर कर्नेल जिवंत आहे आणि पडद्याचाच ड्रायव्हर गैरहजर असण्याचा संभव आहे. ग्रबमध्यें ‘ई’ दाबून त्या ओळींतून ‘क्वाएट’ व ‘स्प्लॅश’ हे शब्द काढावे, ‘नोमोडसेट’ घालावें, आणि यंत्र काय बोलतें तें वाचावें. ओळी फार जलद जात असतील तर मोबाइलवर चित्रफीत घेऊन सावकाश पाहावी. ही युक्ति साधी असली तरी फार उपयोगी पडते.

दुरुस्त केलेलें कर्नेल लगेच कायमचें नेमूं नये. ग्रबची मूळ निवड ‘सेव्ह्ड’ करून ती जुन्या कर्नेलवर ठेवावी, ‘ग्रब-रीबूट’नें नवें कर्नेल एकाच वेळेपुरतें निवडावें आणि त्याच्या ओळींत ‘पॅनिक=१०’ लिहावें. पुन्हा पॅनिक झालेंच, तर दहा सेकंदांनीं यंत्र आपोआप जुन्या कर्नेलवर परत येतें.