पर्मनंट ते हंगामी : हॉकीच्या नोकरीची चाळीस वर्षं

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला बजाजनगर, रांजणगाव, जोगेश्वरी, पंढरपूर अशी वस्ती दाटत गेली. पर्मनंट आणि कंत्राटी यांतला फरक इथल्या घरांना कुणी समजावून सांगावा लागत नाही. एकाच पाळीत, एकाच मशीनवर काम करणाऱ्या दोघांपैकी एकाला बँक घरासाठी कर्ज देते, दुसऱ्याला दारातूनच परत पाठवते. त्यामुळे कॉलेजातला मुलगा ‘लीगसाठी निवड झालीय, यंदा परीक्षेला बसत नाही’ असं म्हणाला, की पैसे किती मिळणार याच्याही आधी इथला बाप विचारतो, ‘किती दिवसांसाठी?’ महाराष्ट्राच्या हॉकीची मागची चाळीस वर्षं पाहिली, की हा प्रश्न किती रास्त आहे ते कळतं.

सुरुवात पुण्याच्या खडकीपासून करावी लागते. हॉकीपटू धनराज पिल्लै १६ जुलै १९६८ चे. वडील तिथल्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. भाऊ रमेश मुंबईत आरसीएफ या खत कंपनीकडून खेळत होता. त्याच्यामागोमाग धनराज किशोरवयातच मुंबईला आले आणि पुढे महिंद्रच्या संघात गेले. तिथे त्यांना जोकिम कार्व्हालो यांचं मार्गदर्शन मिळालं. १९८९ मध्ये ते भारताकडून खेळले, मग चार ऑलिम्पिक, चार विश्वचषक. पुस्तकांपेक्षा स्टिक आधी निवडलेल्या मुलाची ही कहाणी आपण सगळे अभिमानाने सांगतो. पण त्या कहाणीच्या पाठीशी उभी असलेली व्यवस्था सांगायची राहून जाते.

मुंबईची हॉकी तेव्हा कंपन्यांच्या हजेरीपटावर चालायची. टाटा, महिंद्र, आरसीएफ, एअर इंडिया, मध्य आणि पश्चिम रेल्वे, कस्टम्स, बँका, तेल कंपन्या. खेळाडू सकाळी चर्चगेटच्या मैदानावर असायचा, दुपारी कचेरीत. पगार मोठा नव्हता. पण गुडघा गेला तरी टेबल शिल्लक राहायचं, प्रॉव्हिडंट फंड शिल्लक राहायचा. बारावीनंतर शिक्षण सोडलेला मुलगा वयाच्या पस्तिशीला रस्त्यावर येत नसे. मला ही व्यवस्था आदर्श वाटत नाही. साहेबाची मर्जी, रखडलेली बढती, खेळ संपल्यावर ज्याचं काम येत नाही अशा खुर्चीत काढलेली वर्षं, हे सगळं तिच्यात होतं. तरीही ती शब्दाला जागणारी होती.

पुढे कंपन्यांनी खेळाडूंची भरती आखडती घेतली आणि तिच्या जागी लीग आल्या. २००५ च्या जानेवारीत प्रीमियर हॉकी लीग सुरू झाली. धनराज मराठा वॉरियर्सचे कर्णधार. दूरदर्शनच्या काळात वाढलेल्या आमच्यासारख्यांना रंगीत जर्सी आणि रात्रीच्या प्रकाशझोतातली हॉकी पाहून भरून आलं होतं. चार हंगाम झाले. २००८ मध्ये भारत बीजिंग ऑलिम्पिकसाठी पात्रच ठरला नाही, भारतीय हॉकी महासंघ निलंबित झाला आणि त्याच्याबरोबर लीगही गेली.

मग २०१२ ची वर्ल्ड सीरिज हॉकी. आठ संघ होते, त्यांत मुंबई मरीन्स आणि पुणे स्ट्रायकर्स हे आपले दोन. पुण्याचा संघ अंतिम फेरीपर्यंत पोहोचला आणि २ एप्रिलला मुंबईत शेर-ए-पंजाबकडून ५-२ असा हरला. दुसरा हंगाम कधी झालाच नाही. खेळाडूंचे पैसे थकल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येत राहिल्या.

२०१३ मध्ये हॉकी इंडिया लीग आली. मुंबई मॅजिशियन्स दोन हंगामांत आटोपली, तिच्या जागी दबंग मुंबई आली, आणि २०१७ नंतर अख्खी लीगच थांबली. ती पुन्हा सुरू झाली २८ डिसेंबर २०२४ ला, राउरकेलात. २०१७ मध्ये एकोणीस वर्षांचा असलेला, पदवी अर्धवट टाकून करारावर सही केलेला मुलगा तेव्हा सव्विशी ओलांडून गेला होता. खेळाडूच्या अंगात जी वर्षं असतात ती बहुतेक त्या खंडातच संपतात. नव्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले, महिलांसाठी प्रथमच लीग झाली, याचा आनंद आहेच. पण पुरुषांच्या त्या हंगामातल्या आठ संघांत महाराष्ट्राचा एकही नव्हता.

याउलट, अमेरिकेत बर्फावरच्या हॉकीत कॉलेज अर्ध्यात सोडणं ही रीतच आहे. मॅक्लिन सेलेब्रिनी बोस्टन विद्यापीठात एकच हंगाम खेळला, तिथल्या व्यावसायिक लीगच्या २०२४ च्या निवडीत पहिल्या क्रमांकावर घेतला गेला आणि निघून गेला. अठरा ते एकवीस वयाच्या खेळाडूचा तिथला पहिला करार तीन वर्षांचा असतो, आणि ती लीग १९१७ पासून उभी आहे. जाणाऱ्याला पुढे जमीन दिसते. आमच्या मुलांवर ‘शिक्षण सोडलं’ म्हणून डोळे वटारणाऱ्यांनी हा फरक आधी पाहावा. चूक मुलांच्या घाईत कमी आहे, लीगच्या अल्पायुष्यात जास्त.

आपल्याकडे कबड्डीच्या लीगने मात्र २०१४ पासून तग धरला आहे. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई एका हंगामात ३६.४ लाखांवरून १.४५ कोटींवर गेला. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार हलाखीतून वर आला आणि १ मार्च २०२४ ला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने विजेतेपद मिळवलं. खो-खोचं तसं नाही. अल्टिमेट खो-खो २०२२ मध्ये बालेवाडीत थाटात सुरू झाली, दुसरा हंगाम कटकला २०२४ च्या जानेवारीत संपला, आणि त्यानंतरचं वर्ष लीगविना गेलं.

आमच्या शहरातल्या विद्यापीठाच्या परिसरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं (साई) केंद्र आहे, हॉकीचं टर्फ आहे. वाळूजची मुलं तिथे आशेने पाहतात आणि त्यांनी पाहावंच. पण कॉलेज सोडताना त्यांच्या हातून काय काय निसटतं, हे त्यांना कुणी बसवून सांगत नाही. नाव पटावर नसेल तर आंतरविद्यापीठ स्पर्धा गेली, राज्यातल्या विद्यापीठांचा ‘अश्वमेध’ क्रीडा महोत्सव गेला. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यांतल्या पुष्कळ पदांना पदवी लागतेच. लीगचे हंगाम नेमके सत्रपरीक्षांच्या महिन्यांत येतात. २०२४ ची प्रो कबड्डी ऑक्टोबर ते डिसेंबर चालली, हॉकी डिसेंबर ते फेब्रुवारी. मुलगा कॉलेज सोडतो असं आपण म्हणतो. पुष्कळदा वेळापत्रकच त्याला बाहेर काढतं.

परतीची वाट नाही असं नाही. नाशिकचं मुक्त विद्यापीठ १९८९ पासून कामगारांना, गृहिणींना, पोलिसांना पदवीपर्यंत नेत आलं आहे, खेळाडूलाही नेईल. नव्या शैक्षणिक धोरणात वर्षभराचे श्रेयांक जमा ठेवून पुढे परत येण्याची सोय आहे. करारावर सही करतानाच हा प्रवेशअर्ज भरून घेणं प्रशिक्षकाच्या हातात आहे, आणि लीग खेळणाऱ्यांसाठी हंगामानंतर स्वतंत्र परीक्षा घेणं विद्यापीठाच्या. खेळाडूंची संख्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्यासाठी एक वेगळी प्रश्नपत्रिका काढायला फार मोठा खर्च येणार नाही.