तातडीचा खर्च व सभागृहाचा हक्क

घरास आग लागली असता पाण्याचा भाव विचारीत बसणे हा मूर्खपणा होय, हे कोणीही कबूल करील. परंतु आग विझल्यावर तिजोरीतून किती रक्कम गेली व ती कोणाच्या हाती पडली, हे रोजमेळात न लिहिणाऱ्या मुनिमास कोणता शहाणा व्यापारी पुन्हा गादीवर बसू देईल? राष्ट्राच्या तिजोरीसही हाच न्याय लागू आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या राज्यघटनेने आकस्मिक प्रसंगाची सोय आधीच करून ठेविली आहे. अनुच्छेद 267 प्रमाणे आकस्मिकता निधी राष्ट्रपतींच्या स्वाधीन असतो व अकल्पित खर्च उद्भवल्यास संसदेची संमती मिळेपर्यंत त्यातून उचल करिता येते. पुढे पुरवणी मागणी मांडून व विनियोजन विधेयक संमत करवून ती उचल भरून काढावयाची असते. हा निधी पूर्वी 500 कोटी रुपयांचा होता. 2021 च्या वित्त अधिनियमाने तो 30,000 कोटींचा, म्हणजे साठपट, झाला. महामारीच्या अनुभवानंतर ही वाढ अनाठायी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु आधी खर्च व मागाहून संमती ही सवलत इतकी वाढली असता, मागाहून होणाऱ्या चर्चेचे मोलही त्याच मानाने वाढावयास नको काय?

ह्या चर्चेची स्थिती मात्र समाधानकारक नाही. लोकसभेच्या नियम 216 अन्वये पुरवणी मागण्यांवरील चर्चा त्या त्या बाबींपुरतीच करावयाची. मूळ अनुदानाचा अगर त्यामागील धोरणाचा प्रश्न, ती बाब स्पष्ट करण्यास अवश्य असेल तेवढाच, काढता येतो. हा नियम वाजवी आहे. परंतु मागण्यांसाठी नेमलेल्या शेवटच्या दिवशी ठरलेली घटिका भरली की, उरलेल्या साऱ्या मागण्या चर्चेवाचून मतास टाकण्यात येतात. ह्यासच ‘गिलोटिन’ म्हणतात. 14 मार्च 2018 रोजी तर सभागृहातील गोंधळातच वार्षिक मागण्या व वित्त विधेयक चर्चेवाचून संमत झाली. त्या दिवशी देशावर कोणतेही अरिष्ट कोसळले नव्हते! गोंधळ घालणारे सभासद आणि तशा गोंधळात काम उरकून घेणारे मंत्रिमंडळ, ह्या दोघांसही आम्ही दोष देतो; कारण दोघांच्या भांडणात करदात्याचाच हक्क बुडाला.

तातडी व जबाबदारी ह्यांचे हाडवैर नाही. मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने सुमारे 2.2 लाख कोटी डॉलरचा मदतीचा कायदा केला. प्रतिनिधिगृहाने 27 मार्च रोजी काही तासांच्या चर्चेनंतर तो आवाजी मतदानाने संमत केला. प्रत्येक सभासदाचे मत नोंदले गेले नाही, हे त्यातील वैगुण्यच. तथापि खर्चावर देखरेख ठेवण्यासाठी विशेष महानिरीक्षक व काँग्रेसचा देखरेख आयोग त्याच कायद्याने नेमण्यात आले. चर्चा आखडली, पण हिशेब मागण्याचा हक्क सोडून दिला नाही.

आमची मागणी माफक आहे. पुरवणी मागण्यांत खरोखर अकल्पित खर्च कोणता व केवळ अंदाज चुकल्यामुळे वाढलेला कोणता, हे वेगळे दाखवावे. अकल्पित खर्चाच्या चर्चेस थोडा, पण गिलोटिनला हात लाविता येणार नाही असा, वेळ राखून ठेवावा. आकस्मिकता निधीतून मोठी उचल झाल्यास तिच्या विनियोगाचा वृत्तांत ठरलेल्या मुदतीत सभागृहापुढे यावा व त्यावर चर्चा व्हावी. लोकलेखा समिती व महालेखापरीक्षक आपले काम करितात. परंतु त्यांचे निष्कर्ष हाती येईपर्यंत पैसा खर्च होऊन जातो.

संकटकाळी सरकारचे हात मोकळे असावेत, हे आम्हांस मान्य आहे. पण हात मोकळे ठेवणे निराळे आणि लोकप्रतिनिधींची जीभ बांधणे निराळे. ज्याच्या पैशाने आग विझली, त्यास हिशेब विचारण्याची सोय नसेल, तर पुढील आगीच्या वेळी तो विश्वासाने थैली मोकळी करील काय, ह्याचा विचार सत्ताधाऱ्यांनी आजच केलेला बरा.