चालती गाडी अचानक बंद पडली? कशी बंद पडली यावरून कळतं बिघाड कुठे आहे

सोलापूरहून तुळजापूरकडे निघालं की घाट लागतो. धाराशिव ओलांडून बीडकडे जाताना येडशीचा घाट. जिल्ह्याच्या दक्षिणेला नळदुर्ग, उमरग्यावरून पुणे-हैदराबाद महामार्ग जातो, तिथे रात्रंदिवस ट्रकची वर्दळ. मे महिन्यात पारा चाळिशीपार गेलेला असताना अशा एखाद्या रस्त्यावर कारचं इंजिन चालता चालता बंद पडलं तर?

बहुतेक जण सेल्फ मारत बसतात. मग गॅरेजमध्ये आज प्लग, उद्या बॅटरी, परवा फिल्टर असं एकेक बदलणं सुरू होतं. पैसे जातात आणि आठवड्याने गाडी पुन्हा तिथेच येते. खरं तर गाडी कोणत्या परिस्थितीत आणि कशी बंद पडली, हे नीट सांगता आलं तर निम्मं काम तिथेच होतं.

आधी जीव, मग इंजिन

इंजिन बंद पडलं म्हणजे ब्रेक गेले, असं नाही. बहुतेक कारमध्ये ब्रेक हलका करणारा बूस्टर इंजिन चालू असताना काम करतो. इंजिन थांबल्यावर त्यातला साठा एक-दोनदा ब्रेक दाबेपर्यंत पुरतो. त्यानंतर पेडल एकदम कडक होतं. म्हणून घाट उतरताना ब्रेक पुन्हा पुन्हा दाबून सोडू नका. एकदाच जोर लावून दाबून धरा.

स्टेअरिंग जड होऊ शकतं, पण ते वळतं. गाडी पूर्ण थांबेपर्यंत चावी मात्र काढायची नाही, कारण स्टेअरिंग लॉक होऊ शकतं.

चारही इंडिकेटर चालू करा, गाडी डाव्या कडेला घ्या, हँडब्रेक ओढा. चढ-उतारावर चाकामागे दगड लावा. सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करा. गाडीच्या मागे कुणीही थांबू नये. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि आणीबाणीत ११२ हे नंबर आहेत.

इंजिन बंद का पडतं?

पेट्रोल इंजिनाला तीन गोष्टी लागतात: इंधन, हवा आणि ठिणगी. हे सगळं वेळेवर जुळवून आणण्याचं काम ईसीएम, म्हणजे गाडीतला छोटा कॉम्प्युटर, सेन्सरच्या मदतीने करतो. यातलं एक जरी तुटलं तरी इंजिन थांबतं. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, तिथे इंधनाचा दाब महत्त्वाचा.

आता लक्षणं बघूया.

झटके खात, पिकअप सोडत बंद पडली: संशय इंधनावर. फिल्टर चोंदलेला असतो किंवा टाकीतला पंप दमलेला असतो. चढावर इंजिनाला जास्त इंधन लागतं, म्हणून हा बिघाड सपाटीवर लपतो आणि घाटात उघडा पडतो. डिझेल गाडीत फिल्टरमध्ये पाणी साचलं किंवा पाइपने हवा घेतली, तरी असंच होतं.

बटण दाबल्यासारखी एकदम बंद पडली: संशय विजेवर. क्रँक सेन्सर, रिले, फ्यूज किंवा सैल वायर. गाडी तापल्यावर बंद पडते आणि अर्ध्या तासाने गार झाली की काही झालंच नाही अशी चालू होते, तेव्हा क्रँक सेन्सर आधी तपासायला सांगा.

फक्त सिग्नलला किंवा क्लच दाबल्यावर बंद पडते: थ्रॉटल बॉडीत कार्बन साचला असण्याची शक्यता मोठी. अनेकदा ती साफ केली तरी भागतं. हवेचा पाइप फाटला असेल तरीही असं होतं.

आधी बॅटरीचा लाल दिवा लागला, मग लाइट मंद झाले: अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा. इथे नुसती बॅटरी बदलून उपयोग नाही. इंजिन चालू असताना मीटरवर साधारण साडेतेरा ते साडेचौदा व्होल्ट दिसायला हवेत.

तापमानाचा काटा लाल रेषेवर गेला: कूलंट, रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. आणि ऑइलचा लाल दिवा लागला असेल तर पुन्हा सेल्फ मारूच नका, इंजिन जाम होऊ शकतं.

सीएनजी आहे म्हणून पेट्रोल टाकत नाही?

ही सवय महागात पडते. टाकीतला पंप त्याच पेट्रोलमुळे गार राहतो. टाकी कायम तळाला असली की पंप तापतो आणि तळातला गाळही ओढतो. मग सीएनजी संपून गाडी पेट्रोलवर जाते आणि त्याच क्षणी बंद पडते. टाकीत पाव टाकी तरी पेट्रोल असू द्या.

धाराशिव तसा उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. उसापासून तयार होणारं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉल पाणी शोषून घेतं. त्यामुळे गाडी अनेक महिने उभी राहिली असेल किंवा टाकीत पाणी शिरलं असेल, तर पाणी तळाशी वेगळं होऊन इंजिन अडखळू शकतं. जुन्या गाडीत रबरी पाइप आणि फिल्टर वेळेवर तपासून घेणं बरं.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

पार्ट बदलण्याआधी स्कॅनर लावायला सांगा. स्टेअरिंगखालच्या सॉकेटला तो जोडला की साठवलेले कोड दिसतात. उदाहरणार्थ, पी०३३५ हा कोड क्रँक सेन्सरच्या सर्किटकडे बोट दाखवतो. पण कोड म्हणजे निकाल नव्हे. सेन्सर चांगला असून वायर उंदराने कुरतडलेली असू शकते. त्यामुळे आधी वायर आणि कनेक्टर बघायचे, मग सेन्सर बदलायचा. इंधनाचा संशय असेल तर पंपाचा दाब गेजवर मोजून घ्यायचा. कोड पुसण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.

सोबत पाच गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवा: वेग किती होता, चढ होता की सपाटी, इंजिन गरम होतं की गार, कोणता दिवा लागला आणि परत चालू व्हायला किती वेळ लागला. गॅरेजमध्ये पोहोचेपर्यंत गाडी बऱ्याचदा ठणठणीत चालायला लागलेली असते. अशा वेळी मेकॅनिकच्या हातात तुमची ही नोंद असली, तर अंदाजाने पार्ट बदलत बसण्याची वेळ येत नाही.