विमानाचे तिकीट हातात आहे, पण प्रवासी म्हणून आपले हक्क माहीत आहेत का?

आपल्या वस्तीतला एखादा विद्यार्थी शिष्यवृत्तीवर परदेशी निघतो तेव्हा त्याला निरोप द्यायला नातेवाईक, मित्र, कार्यकर्ते असे सगळे विमानतळावर जमतात. व्हिसा, फी, राहण्याची सोय यांची चौकशी आपण सगळे मिळून करतो. पण बॅगच आली नाही किंवा तिकीट असूनही विमानात जागा नाकारली, तर काय करायचे हे घरात बहुधा कुणालाच ठाऊक नसते. काउंटरवरचा कर्मचारी सांगेल ते ऐकून आपण गप्प परततो. म्हणून हा कायदा कसा घडला आणि तो आपल्याला काय देतो, हे समजून घेऊ.

सुरुवातीला या कायद्यात प्रवासी नव्हताच, होती ती राष्ट्रे. पहिल्या महायुद्धानंतर 1919 च्या पॅरिस कराराने प्रत्येक देशाचे आपल्या भूमीवरील आकाशावर सार्वभौमत्व मान्य केले. 7 डिसेंबर 1944 रोजी 52 देशांनी सही केलेल्या शिकागो कराराने तेच तत्त्व कायम ठेवले. त्यातूनच 1947 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना उभी राहिली. सुरक्षिततेचे समान नियम ठरवणाऱ्या या संघटनेचे मुख्यालय माँट्रियलला आहे.

प्रवाशाचा विचार 1929 च्या वॉर्सा कराराने केला, पण तडजोड करून. अपघातात कंपनीची चूक सिद्ध करण्याचा भार प्रवाशावरून काढला. बदल्यात भरपाईवर 1,25,000 फ्रँकची मर्यादा घातली, कारण एका अपघातात नवख्या कंपन्या बुडतील अशी भीती होती. पुढे कंपन्या मोठ्या झाल्या, तरी भरपाई मात्र तोकडीच राहिली.

हे चित्र 28 मे 1999 च्या माँट्रियल कराराने बदलले. भारत 2009 मध्ये या करारात सामील झाला आणि त्यासाठी आपल्या 1972 च्या हवाई वाहतूक कायद्यात दुरुस्ती केली. या करारानुसार अपघातात मृत्यू किंवा इजा झाल्यास ठरावीक रकमेपर्यंत 'आमची चूक नव्हती' असे म्हणून कंपनीला सुटता येत नाही. ही रक्कम 28 डिसेंबर 2024 पासून 1,51,880 एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. सामान हरवल्यास, खराब झाल्यास किंवा उशिरा आल्यास भरपाईची कमाल मर्यादा 1,519 एसडीआर, म्हणजे दीड लाख रुपयांहून अधिक आहे. भारतातून जाऊन भारतातच परतण्याचे तिकीट असेल, तर हा करार लागू होतो.

मात्र या हक्काला मुदत आहे. बॅग फुटली तर ती मिळाल्यापासून 7 दिवसांत आणि उशिरा आली तर मिळाल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. 21 दिवसांत आलीच नाही, तर ती हरवली असे धरून दावा करता येतो. न्यायालयात जाण्याची मुदत 2 वर्षे. म्हणून विमानतळ सोडण्याआधीच तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या. बोर्डिंग पास, बॅगेचा टॅग आणि त्या काळात केलेल्या खरेदीच्या पावत्या जपून ठेवा.

देशांतर्गत प्रवासासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम 2010 पासून आहेत. पक्के तिकीट घेऊन वेळेत पोहोचलेल्या प्रवाशाला जास्त तिकिटे विकल्यामुळे जागा नाकारली आणि मूळ वेळेपासून तासाभरात सुटणारे दुसरे विमान दिले नाही, तर भरपाई द्यावी लागते. पर्यायी विमान 24 तासांच्या आत असेल तर एकेरी मूळ भाडे व इंधन अधिभाराच्या दुप्पट, कमाल 10,000 रुपये. त्यानंतर असेल तर चौपट, कमाल 20,000 रुपये. कंपनीने दाद दिली नाही तर सरकारचे 'एअरसेवा' पोर्टल आहे, ग्राहक आयोगही आहे.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. विमानात बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आले. त्या गप्प बसल्या नाहीत. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संविधानातील मानवी प्रतिष्ठेचा आधार घेत त्यांना 10 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला.

मागच्या पिढ्यांतील अनेकांना विमान फक्त आकाशात दिसले. आज आपली मुले त्यात बसत आहेत. त्यांना निरोप देताना फुलांसोबत ही माहितीही द्या. संस्था आणि विहारांमधील मार्गदर्शन शिबिरांत या विषयासाठी अर्धा तास जरूर ठेवा.