मेंढरं, माळ आणि आपलं उसाचं रान



उसाच्या अंकात मेंढरांचं काय काम, असं कुणी विचारील. काम आहे. कमी पावसाच्या मुलुखात कोणती जमीन नांगराखाली घ्यावी आणि कोणती चरणीला सोडावी, हा प्रश्न आपल्याइतकाच दूरच्या ऑस्ट्रेलियालाही पडला होता. त्यांनी तो कसा सोडवला आणि कुठं फसले, हे आपण जाणून घेण्यासारखं आहे.

ऑस्ट्रेलिया भारताच्या दुपटीहून मोठा आहे, पण त्याची सत्तर टक्के जमीन कोरडी किंवा निमकोरडी. पूर्वेला समुद्राच्या कडेनं लांबलचक डोंगररांग आहे. समुद्रावरून येणारा पाऊस बराचसा तिथंच पडतो आणि आतला मुलूख कोरडा राहतो. तिथं खुरटी झुडपं आणि विरळ गवत, एवढंच उगवतं. १७९७ साली तिथं मेरिनो जातीची मेंढी आली आणि या कोरड्या रानाला धंदा मिळाला. पुढं १८७८ पासून खोल बोअर घेऊन जमिनीच्या पोटातलं पाणी वर काढलं गेलं. १९७० च्या सुमारास त्या देशात अठरा कोटी मेंढ्या होत्या. आता त्या निम्म्याहूनही कमी आहेत.

आता त्यांची चूक बघा. १८६५ साली दक्षिण ऑस्ट्रेलियात गॉयडर नावाच्या भूमापन अधिकाऱ्यानं दुष्काळानंतर घोड्यावरून मुलूख पाहिला. रानातली झाडझुडपं बघून त्यानं नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या आत पीक घ्या, बाहेर फक्त मेंढरं चारा, असा तिचा अर्थ. पुढं चारदोन वर्षं पाऊस बरा झाला. लोक म्हणू लागले, नांगर जाईल तिथं पाऊस मागोमाग येतो. रेघ ओलांडून गहू पेरला, घरं बांधली. १८८० नंतर कोरडी सालं आली आणि कित्येक कुटुंबं उठून गेली. त्या घरांच्या पडक्या भिंती आजही तिथं दिसतात.

आपल्याकडंही डोंगर पाऊस अडवतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो कोसळतो आणि पूर्वेला माण, खटाव, आटपाडी कोरडी राहतात. तिथला धनगर दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणाकडं उतरतो आणि मिरगाच्या आधी परत येतो, कारण चिखलात मेंढीचे खूर सडतात. आपलं देगलूर त्या मानानं सुदैवी. बंगालच्या उपसागरातून येणारा पाऊसही आपल्याला थोडाफार लाभतो. पण जमीन सगळी सारखी नाही. लेंडी आणि मांजरा नद्यांच्या काठाला काळं, भारी रान. वर गेलं की मुरमाड माळ. देगलूर-बिलोलीकडं तर ग्रॅनाइटचे गोटे वर आलेले. त्या माळावर पाणी टिकत नाही. तिथं मेंढरूच शोभतं.

आपली दख्खनी मेंढी वर्षाला जेमतेम अर्धा-पाऊण किलो जाडीभरडी लोकर देते, घोंगडीपुरती. मेरिनोची चार-पाच किलो. पण आपली मेंढी मैलोन् मैल चालते, काट्याकुट्यावर जगते आणि जिथं बसते तिथं खत टाकून जाते. तिकडं मेंढीला कुंपण आणि बोअर दिलं. इकडं हटकर-धनगर आणि सीमेपलीकडचे कुरमा कळपामागं चालत राहिले. त्यांच्या चालण्याचा फायदा आपल्या रानाला झाला.

मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंडी आणि मूत दोन्ही जागच्या जागी मुरतं. गाडीभाडं नाही, पसरायची मजुरी नाही. शेणखतापेक्षा या खतात नत्र जास्त असतं. मात्र चार गोष्टी ध्यानात धरा :

१) मेंढरं लागणीच्या आधी मोकळ्या रानात किंवा खोडवा मोडल्यावर बसवा. राखलेल्या खोडव्यात घालू नका, फुटवे खाऊन टाकतील.
२) कळप उठला की लगेच कुळवाची पाळी द्या. उन्हात नत्र उडून जातं.
३) औषध फवारलेल्या रानात किंवा बांधावर मेंढरं येऊ देऊ नका.
४) किती रात्री, काय मोबदला, पाणी कुठं, हे आधीच बोलून घ्या. भांडणं बहुतेक न बोलल्यामुळंच होतात.

पण कळप यायचा तर वाट हवी आणि दिवसा चरायला माळ हवा. बोअर घेऊन माळावर ऊस चढवला, गायरान नांगरलं, वाटा बांधात घातल्या, तर कळप फिरकणार नाहीत आणि खतही येणार नाही. शिवाय बोअर कायम भरवशाचं नसतं. १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. २०१६ साली तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

ऊस सोडा असं कुणी म्हणत नाही. ऊस आपलं पोट आहे. पण दोन सालं पाऊस बरा झाला म्हणून माळाला काळं रान समजू नका. आपल्या शिवारातली ती रेघ कुठून जाते, हे कोणत्याही साहेबापेक्षा आपल्याला चांगलं ठाऊक आहे. पुढची लागण ठरवताना तेवढी आठवण ठेवा.